ती गोधडी कुणाची

माझी कमेंट दुसऱ्यांदा उडाली तेव्हा मी वांगी चिरत होते. सुरी ताटात टाकून तशीच बाहेरच्या खोलीत आले.

"आई, परत पुसलं बघ त्या बाईनं."

आई कॉटवर बसून लसूण सोलत होती. तिनं मानही वर केली नाही. "शिव्या लिव्हल्या असशील."

"शिव्या कशाला लिहीन? 'ही गोधडी आमच्या निंबळगावची दिसते, या ताई कुणाच्या?' एवढंच लिहिलं होतं."

"मग त्यात पुसायसारखं काय हाय?"

तेच तर मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. मिरजेच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी सगळी नोकरी गेली. लोक मला गाडी विचारायचे, मी त्यांना उलट विचारायची, कुठलं गाव, कुणाकडे निघालात, लग्नाला की मयताला. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, सवय राहिली. फेसबुकवर 'गोधडी आणि आपण' हा ग्रुप सापडल्यावर त्या सवयीला रान मोकळं मिळालं. बायका हातानं शिवलेल्या गोधड्यांचे फोटो टाकायच्या, बाकीच्या खाली 'अप्रतिम' लिहायच्या. मी नुसतं अप्रतिम लिहून थांबणारी नव्हे. माहेर कुठलं, सासर कुठलं, अमक्या-तमक्यांच्या तुम्ही कोण, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नसे. बायकाही हौसेनं सांगायच्या. एकदा तर माझ्या आत्याची सख्खी नणंद मला तिथं भेटली.

ग्रुपची ॲडमिन होती सांगलीची मीनल हर्डीकर. अधूनमधून ती स्वतःच गोधड्यांचे फोटो टाकायची आणि वर लिहायची, 'एका ताईंनी शिवलेली, विक्रीसाठी.' या ताईंना नाव नसायचं, गाव नसायचं.

ती गोधडी त्यातलीच. निळ्या-हिरव्या लुगड्यांची, टाका असा बारीक की बघत राहावं, आणि डाव्या कोपऱ्यात हळदीच्या रंगाचं तिकोनी ठिगळ. मी फोटो मोठा करून आईच्या डोळ्यांसमोर धरला होता. मोतीबिंदूमुळे तिला पिवळं तेवढं दिसलं. तेवढं पुरलं.

"घास हाय ह्यो," ती लगेच म्हणाली होती. "आपल्या निंबळगावचा."

निंबळगाव म्हणजे आईचं माहेर. तिथल्या बायका गोधडी पुरी होत आली की एक कोपरा उघडा ठेवतात, त्यात चिमूटभर जोंधळे घालतात आणि वरून हळदीत बुडवलेल्या फडक्याचं ठिगळ मारतात. पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून. आसपासच्या गावांत हे कुणी करत नाही. आईला केवढा आनंद झाला होता! "इचार की, कुणाची लेक हाय," असं तिनं मला बजावलं होतं.

आणि आता हे. मी जुन्या पोस्ट काढून बघत बसले. कुणी आपणहून टाकलेल्या गोधडीखाली माझे सगळे प्रश्न शाबूत होते. 'एका ताईंनी'खाली मात्र फक्त अप्रतिम, सुंदर आणि फुलांची चित्रं. तिथं कुठेच कुणी गाव विचारलेलं नव्हतं. आपल्या माणसांत असं होतं का कधी? विचारलं असणारच, आणि पुसलं गेलं असणार.

पहिल्यांदा मला वाटलं, हर्डीकरबाईंना गावाकडच्या गोधड्या हव्यात, गावाकडची माणसं नकोत. मग वाटलं, हा सरळसरळ धंदा आहे. बाई कोण, कुठली, हे गिऱ्हाइकाला कळलं तर गिऱ्हाईक थेट तिच्याकडे जाईल. मधल्या मधे लोणी खाणाऱ्याला ते कसं परवडेल?

त्याच दुपारी मला अर्चना शेळके नावाच्या बाईचा मेसेज आला. फोटोच्या जागी जाईची फुलं.

'शालनताई, तुमची कमेंट उडवायच्या आधी मी वाचली होती. माझ्याही उडवल्या आहेत. त्या ॲडमिनचं काहीतरी काळंबेरं आहे.'

मला इतकं बरं वाटलं! आपल्याला जो वास येतोय तोच दुसऱ्यालाही येतोय म्हटल्यावर माणूस लगेच जवळचं होतं. मी धडाधडा सगळं लिहिलं, घासाचं, आईचं, निंबळगावचं.

'म्हणजे शिवणारी नक्की निंबळगावचीच?' तिनं विचारलं.

'आई म्हणते म्हणजे नक्की. तुम्ही पण शिवता का?'

'हो. आठवड्याला तीन-चार सहज होतात.'

हातशिलाईची एक गोधडी व्हायला महिना जातो. मी मनात म्हटलं, थापाडी आहे. पण थापाड्या बायका मला आवडतात. 'माहेर कुठलं तुमचं?' मी विचारलं.

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, 'सातारा जिल्हा.'

हे मात्र मला खटकलं. माहेर विचारल्यावर जिल्हा सांगणारी बाई मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. बाई गाव सांगते, आळी सांगते, भाऊ काय करतो ते सांगते, आणि थांबवलं नाही तर विहिरीला पाणी किती तेही सांगते. पण अर्चनानं पुढचंच काढलं. 'त्या ताईंना बिचारीला ठाऊकही नसेल, तिच्या कष्टांवर कोण पैसा करतंय ते. तुम्ही सांगलीच्या जवळच आहात. हर्डीकरबाईंच्या घरी जाऊन बघा ना. मी लांब राहते, नाहीतर मीच गेले असते.'

जा म्हणून कुणी सांगायचीच खोटी होती. हर्डीकरबाईंचा पत्ता ग्रुपवर कुठेच नव्हता. जुनी सुती लुगडी द्यायची असतील तर विश्रामबागेतल्या एका कापडाच्या दुकानात ठेवा, एवढंच लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आईची दोन विरलेली लुगडी पिशवीत घातली आणि सांगलीची बस धरली. दुकानदारानं पिशवी बघितली, मला बघितलं आणि म्हणाला, "ताईंच्या घरीच द्या की मावशी. मागच्या गल्लीत, दुसरा जिना."

जिन्यात फोन वाजला. अर्चना. 'पोचलात का?'

मी लिहिलं, 'दारात आहे.'

दार उघडलं ते साखळीपुरतं. फटीतून एक चष्मा आणि पांढऱ्या केसांची बट दिसली. "कोण?"

"मी शालन कोळेकर. मिरजेहून आले. माझी कमेंट तुम्ही दोनदा उडवलीत."

चष्मा माझ्याकडे बघत राहिला. "कुठली कमेंट?"

"निंबळगावची."

मला वाटलं आता ती ओशाळेल. तिनं उलट जिन्यात माझ्यामागे कुणी आहे का ते बघितलं. "निंबळगावात तुमचं कोण?" तिनं विचारलं.

"अगं बाई! आम्ही विचारलं की पुसायचं, आणि तुम्ही विचारलं की चालतं?"

"कोण आहे ते सांगा, मगच आत या."

मला असा राग आला की मी दारातच आईच्या माहेरची सगळी वंशावळ सांगितली, मामांची नावं, त्यांच्या मेव्हण्यांची नावं, आणि वरून म्हटलं, "आता तुमची सांगा." तिला हसू आलं असावं. साखळी निघाली.

आत खोलीभर चिंध्यांचे ढीग होते, रंगांप्रमाणे लावलेले. मी बसायच्या आधीच तोफ डागली. "त्या ताईंना किती देता हो तुम्ही? नाव लपवता, गाव लपवता, म्हणजे त्यांनी कायम तुमच्याच ओंजळीनं पाणी प्यायचं. असंच ना?"

"तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?" हर्डीकरबाई अगदी हळू बोलत होत्या.

"सांगायला कशाला हवं? दिसतंय की."

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक बाई पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. उंच, पस्तिशीची. तिला बघून हर्डीकरबाईंच्या कपाळाला आठी पडली. ती बाई मात्र माझ्याकडे आशेनं बघत होती. दारातली मामांची नावं तिनं ऐकली होती, हे मला नंतर समजलं.

"निंबळगावास्नं आला व्हय मावशी?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच फोन वाजला. अर्चनाचाच मेसेज.

'तिथं एखादी बाई दिसते का बघा. उंच आहे. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असेल. असेल तर लगेच सांगा आणि लोकेशन पाठवा.'

भांडं माझ्यापुढे धरलेला हात डावाच होता. मनगटापासून कोपराकडे कातडी आक्रसून पांढरी झालेली होती.

मी मेसेज परत वाचला. आदल्या दिवशी ज्या बाईला शिवणारी कोण हेच ठाऊक नव्हतं, तिला आज डाग कसा ठाऊक? सातारा जिल्हा. आठवड्याला तीन-चार गोधड्या. आयुष्यभर मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला, आणि जिथं घ्यायचा तिथंच नेमका गिळून टाकला होता.

"ग्रुपवरची अर्चना शेळके तुमच्या ओळखीची आहे का?" मी हर्डीकरबाईंना विचारलं.

"नाही. का?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि त्या बाईकडे दिला. तिनं मेसेज वर सरकवत सरकवत सगळे वाचले. मग ती खाली चिंध्यांवरच बसली.

"ह्या घराभाईर ह्यो डाग एकालाच म्हाईत हाय," ती म्हणाली. "ज्यानं दिला त्याला."

मग हर्डीकरबाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. नवऱ्याच्या घरातून ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली होती. आधी दोनदा निघाली होती, दोन्ही वेळा त्यानं शोधून परत नेली. दुसऱ्या वेळी नेल्यावर हा डाग. आता तो तिला जिवंत ठेवणार नाही, असं त्यानं तिच्या भावाला तोंडावर सांगितलं होतं. ती शिवणावरच पोट भरणार हे त्याला माहीत होतं. तो गोधडीच्या ग्रुपवर कुठल्या तरी नावानं असणार, याची हर्डीकरबाईंना शंका होती. पण हजारो बायकांत तो कोण, हे कसं ओळखायचं? म्हणून त्या 'एका ताईं'खाली गावाचं, माहेराचं, आडनावाचं जे येईल ते पुसत होत्या. माझंच नव्हे, सगळ्यांचंच.

"मग तसं लिहायचं तरी," मी म्हटलं.

"काय लिहू? की इथं एक बाई लपली आहे, कृपया पत्ता विचारू नये?"

मी पिशवीतली आईची लुगडी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"पण मला एक समजत नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही निंबळगाव ओळखलंत कसं? फोटोत तर काहीच नव्हतं."

मी त्यांना पिवळा कोपरा दाखवला, घासाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. इतके दिवस त्या शब्द पुसत बसल्या होत्या, आणि गाव फोटोतच होतं. त्यांना ते ठिगळ म्हणजे नक्षी वाटली होती.

"का घातलास गं तो?" त्यांनी त्या बाईला विचारलं. रागानं नाही, पण विचारलं.

"ध्येनातच न्हाई आलं ओ ताई," ती म्हणाली. "आन् आलं आस्तं तरी बिनघासाची गोधडी कुणाला कशी द्यायची?"

फोन पुन्हा वाजला. 'शालनताई? काय झालं?'

हर्डीकरबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता याला ब्लॉक करते."

"नगा," ती बाई उठून उभी राहिली. "ब्लाक केलं की त्याला कळतंय, मी हितंच हाय. दुसऱ्या नावानं यील. न्हाईतर सरळ सांगलीतच यील."

निंबळगाव त्याला मीच दिलं होतं, आणि मी आत्ता दारात आहे हेही त्याला ठाऊक होतं. उत्तर मलाच द्यायला हवं होतं. खिडकीत बसून मी हजारो माणसांना खरं तेच सांगितलं, गाडी उशिरा असेल तर उशिरा. त्या दिवशी पहिल्यांदा बोटांना खोटं लिहायला लावलं.

'अहो कसली बाई नि कसलं काय! इथं हर्डीकरबाई एकट्याच आहेत. आणि गंमत ऐका, ती गोधडी माझ्या आईचीच निघाली. तिनंच शिवलेली जुनी. म्हणूनच घास!'

लगेच उत्तर आलं. 'तुमच्या आईची गोधडी तिथं कशी गेली?'

सुचलं ते लिहिलं. 'माझ्या धाकट्या बहिणीनं, रंजनानं, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात देऊन टाकली. मला न विचारता. या बाईंनी धुऊन विकायला काढली. मी आता भांडून परत घेतली.'

पुन्हा बराच वेळ काही नाही. ती बाई भिंतीला टेकून माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. मग आलं, 'असं होय. मग आईंचा गोधडीबरोबर फोटो टाका ना ग्रुपवर. बघायला आवडेल.'

"पडताळून बघतोय," हर्डीकरबाई म्हणाल्या.

"बघू दे," मी म्हटलं.

त्या बाईनं आतून ती गोधडी आणली आणि स्वतःच्या हातानं घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली. "तुमच्या आईंस्नी पांघरा," ती म्हणाली. "मी निंबळगावच्या..."

"नको," हर्डीकरबाईंनी तिला मधेच थांबवलं. "त्यांना ठाऊकच नसलेलं बरं."

आणि खरंच, मी जिना उतरले तेव्हा मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आईनं गोधडी मांडीवर घेतली, कोपरा चाचपला, ठिगळाखालचे जोंधळे बोटांनी दाबून बघितले. "चांगला भरलाय घास," एवढंच म्हणाली. मग पदर सारखा केला. "काढ फोटू."

मी फोटो टाकला. 'आईच्या हातची जुनी गोधडी. बहिणीनं नजरचुकीनं देऊन टाकली होती, आज परत मिळाली.' खाली नमस्कारांचा नुसता पाऊस. आजी किती गोड, आजींचा हात किती सुबक. जाईच्या फुलांनीही दोन हात जोडले. माझा जीव जरा भांड्यात पडला.

संध्याकाळी रंजनाची कमेंट आली. तिला या ग्रुपवर मीच घेतलं होतं, आणि ती तिथं आहे हे मी साफ विसरले होते.

'ताई, मी आईची एकही गोधडी कुणाला दिलेली नाही. ही आईची नाहीच. आईला पाच-सहा वर्षांत सुईत दोरासुद्धा ओवता आलेला नाही. खोटं का लिहितेस?'

मी हर्डीकरबाईंना फोन लावला. त्यांनी उचलून फक्त "बघितलं" म्हटलं. मी परत बघेपर्यंत कमेंट गेलेली होती. अप्रतिम, सुंदर आणि नमस्कार, मधे काही नाही. आदल्या दिवशी जिच्या नावानं मी बोटं मोडत होते, तिचे मी त्या क्षणी पाय धरले असते.

रंजनाचा फोन आलाच. चिंचवडहून तिचा आवाज खोलीभर येत होता. "तू माझ्यावर आळ घेतेस, मी उत्तर दिलं तर ते पुसायला लावतेस? कोण ती हर्डीकर? आईच्या नावावर गोधड्या विकायला काढल्यात की काय तुम्ही दोघींनी? दे आईला, मी तिलाच विचारते."

रंजना मनानं सोनं आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. तिला सांगणं म्हणजे चार घरांत सांगणं, आणि त्यातलं एखादं घर साताऱ्याकडचं निघायला किती वेळ लागतो? मी फोन आईकडे दिला.

"आई, खरं सांग, मी दिली का गं तुझी गोधडी?"

आई रंजनाशी कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. धाकटी म्हणून ती आईच्या फार जवळची होती. आईनं क्षणभर डोळे मिटले.

"तूच दिलीस, रंजे," ती म्हणाली. "मला ठावं हाय. आता मिळाली न्हवं, सोड की."

पलीकडून रडायचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मला राहवलं नाही. "आई, तिला किती लागलं असेल गं," मी म्हटलं.

"लागू दे," आई म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही ठीक नव्हता. "रुसल्याली लेक परत येती, शाले."

रंजना त्या दिवाळीला आली नाही. पुढच्या वर्षी आली, पण आईच्या कॉटवर ती गोधडी बघून तोंड फिरवायची. आईनं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीही नाही. जाईची फुलं ग्रुपवर तशीच होती, कुठल्या कुठल्या गोधडीखाली 'कुठल्या हो तुम्ही ताई' असं विचारत. त्याला काढायचं नाही, असं हर्डीकरबाई, ती बाई आणि मी, आम्ही तिघींनी ठरवलं होतं. तो कुठं बघतोय हे दिसत राहिलेलं बरं. आणि आणखी एक. जिनं आयुष्यात भेटलेल्या प्रत्येक बाईला 'कुणाची गं तू?' असं विचारल्याशिवाय सोडलं नाही, त्या माझ्या आईनं या बाईबद्दल मला कधीच काही विचारलं नाही. त्याच गोधडीत ती गेली, पण ती शिवणारी निंबळगावात कुणाची लेक, ते तिनं जाणून घेतलं नाही.

मागच्या वर्षी तो माणूस मेला. मीनलताईंनी दोन ठिकाणांहून खात्री करून घेतली आणि मगच मला कळवलं. ती बाई आता कुठं आहे ते मी लिहिणार नाही. तिनंच मला म्हटलं, आता सांगा मावशी, पण नावं बदलून सांगा. म्हणून या गोष्टीत गावाचं नाव मी बदललं आहे, ग्रुपचं बदललं आहे, माझं स्वतःचंही बदललं आहे.

रंजनाचं तेवढं खरं ठेवलं आहे. तिनं आईची कुठलीही गोधडी कधीही कुणाला दिलेली नव्हती.